शांते, आधी चहा

"शांते, आधी चहा आण."

माझं नाव शांता नाही. अंबडच्या एका ऑफिसात मी मशीनची ड्रॉइंगं काढते. त्या दिवशी मी पडद्याजवळ उभी होते, समोर पुण्याहून आलेले ग्राहक. माझीच ड्रॉइंगं मी समजावून सांगणार होते. नोकरीतली पहिलीच वेळ. आणि आमचे टीम लीड निनाद सर खुर्चीत रेलून हे बोलले. ऑफिसातले सगळे खो खो हसले. पाहुण्यांना काय कळणार? त्यांना वाटलं, मी चहा देणारीच. त्यातला एक मला म्हणाला, "माझा बिनसाखरेचा."

मी गेले. चहा घेऊन आले तर माझ्या जागेवर सर उभे राहून बोलत होते.

शांता खेळातली. ऑनलाइन खेळ. त्यात एक अख्खं शहर असतं, आपण एक पात्र घ्यायचं आणि हेडफोनवर त्याच्या तोंडून बोलत जगायचं. संध्याकाळी ऑफिसातले सगळे खेळायचे, सर ते नेटवर लोकांना लाइव्ह दाखवायचे. मी नवीन होते. मला बोलावलं याचाच केवढा आनंद! मी म्हटलं, मी पायलट होणार. गावाहून, सटाण्याहून एसटीने येताना ओझरच्या विमानतळावर विमान दिसलं की अजून मान वळते माझी.

सर म्हणाले, "तुझा आवाज ऐकून प्रवासी उड्या मारतील. तू कामवाली हो. तुझा टोन एकदम ओरिजिनल आहे."

झाले मी कामवाली शांता. रोज सरांच्या खेळातल्या बंगल्यात झाडू मारला. टेबलावर पाय टाकून कोणी म्हणायचं, "पूस." कोणी माझ्या गावाकडच्या बोलीतल्या 'नही शे'ची नक्कल करायचं. बघणारे हसून लोळायचे. मी एकदा तक्रार केली तर उत्तर आलं, "अगं, तुला नाही, शांताला म्हटलं. खेळात पात्र सोडायचं नसतं."

पण ऐकत तर मीच होते. कान माझेच होते. मीटिंगमध्ये मी तोंड उघडेनाशी झाले. घरी फोनवरसुद्धा शब्द तोलून बोलायला लागले. आई म्हणाली, "काय बोली राहिनी तू? परकी लागस." त्या रात्री मी जेवले नाही.

आणि आता शांता खेळातून उठून ऑफिसात आली होती.

चहाच्या त्या दिवशी खोलीवर परतले तर जिन्यात कमलमावशी भेटल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंना ठणकावून सांगत होत्या, "माझं नाव कमल हाय. 'ए बाई' म्हणायचं नाय. नायतर भांडी तुमची तुम्ही घासा." बाई आत गेल्या.

मी पायरीवरच बसले. मला स्वतःचा भयंकर राग आला. मी रोज वठवत होते तशी कामवाली मी कुठे पाहिली होती? ती ऑफिसातल्या या लोकांच्या डोक्यात राहते. तिला फक्त माझा आवाज हवा होता.

संध्याकाळी मी खेळात गेले. बंगल्यात पार्टी होती, बघणारे जमले होते. सर म्हणाले, "शांते, चहा."

मी झाडू खाली टाकला. "चहा मी नही आनस. तुमना तुम्ही ल्या."

"ए, पात्र सोडू नकोस."

"पात्रच बोलतंय. कामवालीने नाही म्हणायचं नाही, असा नियम आहे का तुमच्या खेळात?"

कोणी हसलं नाही. मग सरांनी मला खेळातून बाहेर काढलं.

सकाळी सर टेबलाशी आले. "काल जरा अति झालं तुझं. खेळ होता तो."

"मीटिंगमधला चहा कुठल्या खेळात होता, सर?"

ते फोन बघत निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. नोकरी टिकेल की नाही, ठाऊक नाही. आई घाबरली आहे. मीही घाबरले आहे, खोटं कशाला बोलू?

सोमवारी तेच ग्राहक पुन्हा येणार आहेत. ड्रॉइंगं माझी आहेत, पडद्याजवळ मी उभी राहणार. सटाण्यात बोलते तशीच बोलणार. मागून कोणी शांताला हाक मारली तर मी वळणार नाही. मारू देत हाका. त्या खोलीत शांता नावाचं कोणीही नसेल.