गोधडीतला चौथा चौकोन

बोळाच्या तोंडाशी कपडे दुरुस्तीचं जे दुकान आहे, तिथल्या बाईंना सगळे ‘चेनवाल्या बाई’ म्हणत. पँटची चेन अडकली, बॅगेची तुटली, की पावलं तिकडेच वळत. बाईंचे हात जसे चालत तशी जीभही. “चेन ठणठणीत आहे हो, पोटाचं बघा,” असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आणि गिऱ्हाईक हसत हसत पुन्हा येई.

बाईंची एकुलती एक धाकटी बहीण यंदा साठीची होणार होती. तिला चित्रांची गोधडी शिवून द्यायची, असं बाईंनी ठरवलं. जुन्या कपड्यांचे तुकडे कापून लावायचे, नऊ चौकोन करायचे आणि प्रत्येकात लहानपणची एकेक आठवण. पहिल्यात नळाखाली भांडणाऱ्या दोघी आल्या. दुसऱ्यात वडिलांची सायकल, तिसऱ्यात खिडकीशी केस वाळवणारी आई. चौथ्यात वडिलांचं शिवणाचं दुकान. मशीनवर वडील, शेजारी स्टुलावर हातात कात्री घेतलेल्या बाई आणि धाकटी बाहेर पायरीवर.

बाईंची मुलगी सुया ओवून द्यायला बसली होती. तिने मान वाकडी करून पाहिलं.

“आई, मावशी बाहेर का बसलीये?”

“आत जागा नव्हती.”

“अगं, एवढी रिकामी तर आहे!”

“तू सुया ओव. नसत्या चौकशा नकोत,” बाई खेकसल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! मुलगी बिचारी सुया ओवू लागली, पण बाईंचा हात त्या दिवशी पुढे चालला नाही.

आत जागा भरपूर होती. धाकटीला पायरीवर बसवलं होतं ते बाईंनीच.

तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि धाकटी सहाची. एवढ्याशा वयात तिची कात्री कागदावरून अशी सरळ जाई की वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत. “हे दुकान हीच चालवणार बघा,” म्हणत. थोरलीच्या डोळ्यांत ते सलायचं. एका दुपारी तिने बाहुलीच्या झग्यासाठी एका गिऱ्हाइकाच्या निळ्या लोकरी कापडातला वीतभर तुकडा कापला. कोटाला कापड कमी पडलं. वडिलांनी विचारलं, “कुणी कापलं?” आणि थोरलीने उचलली जीभ लावली टाळ्याला. “धाकटीने.”

वडिलांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. “हिने पुन्हा कात्रीला हात लावायचा नाही,” एवढंच ते म्हणाले, आणि शब्दाचे ते पक्के. मग कात्री थोरलीकडे आली, यथावकाश दुकानही आलं. धाकटीने चौतीस वर्षं पार्सलच्या कचेरीत शिक्के मारले. बाईंना आपल्या हातांचं कौतुक ऐकलं की कानकोंडं व्हायचं. लोकांना तो विनय वाटायचा.

बाईंनी चौथा चौकोन उसवला. आधी वाटलं, धाकटीला स्टुलावर बसवावं, कात्री तिच्या हाती द्यावी. तुकडे कापलेही, टाचण्या लावल्या, आणि त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटलं. पहिल्या खोट्यावर हे दुसरं खोटं, तेही रंगीत! ते काढून टाकलं. शेवटी जे घडलं तेच त्यांनी शिवलं. दोन वेण्यांची मुलगी निळं कापड कापते आहे आणि छोटी चिंध्यांच्या ढिगावर गाढ झोपली आहे. वेण्यांच्या मुलीचा चेहरा तीनदा उसवावा लागला.

वाढदिवशी बाई गोधडी घेऊन गेल्या तेव्हा धाकटीने ती पलंगावर पसरली, चष्मा लावला आणि हसायलाच लागली. “अगं बाई, ही सायकल! ब्रेक नव्हते मेलीला!” मग ती चौथ्या चौकोनाशी आली.

“ही कोण कापतेय गं?”

“मी.”

“आणि झोपलीये ती?”

“तू.” बाईंनी निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “ते निळं कापड मी कापलं होतं, टिल्ले. नाव तुझं घेतलं.”

धाकटी ओरडेल, गोधडी अंगावर फेकेल, याची बाईंनी तयारी केली होती. ‘जाऊ दे गं, लहान होतो आपण,’ असं म्हणेल, अशी चोरटी आशाही होती. यातलं काहीच झालं नाही.

“म्हणजे मी नव्हतं कापलं?” धाकटीने विचारलं.

“अगं, तुला माहीतच होतं ना?”

“मला कापल्याचं आठवायचं नाही. पण तू सांगितलंस, बाबांनी मानलं. तुम्ही दोघं खोटं कशाला बोलाल? मला वाटायचं, माझे हातच तसले आहेत. मला न कळता काहीतरी करून बसतात.” ती हातांकडे बघत होती. “कचेरीत एखादं पार्सल हरवलं ना ताई, की मी आधी माझी पिशवी उपसून बघायचे.”

बाई माफी मागायला आल्या होत्या. ती नेमकी कशाची मागायची, हेच आता त्यांना कळेना.

“बाबा जायच्या आधी त्यांना तरी सांगितलंस का?” धाकटीने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.