शिंपीकाकांच्या दुकानासमोरचं वळण

आमच्या मुंगीचे, माझ्या लेकीचे, लहानपणी एक जिना चढला तरी ओठ निळे पडायचे. हृदयाचं ऑपरेशन झालं, ती ठणठणीत झाली, डॉक्टरांनी तपासण्याही बंद केल्या. माझ्या चालूच राहिल्या. तिनं अग्निशमन दलात जायचं ठरवलं तेव्हा मी बजावलं, पळायचं ते एका लयीत, सावकाश. तसाच सराव करून ती शारीरिक चाचणीत नापास झाली.

दुसऱ्यांदा तयारीला लागल्यापासून मात्र ती घामानं निथळत घरी यायची आणि थेट न्हाणीघरात शिरायची. विचारलं तर, "हो गं, सावकाशच." तिचं खरं 'हो' नुसतं 'हो' असतं. हे 'हो गं' मला पटेना.

कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना सहज विचारलं. ते म्हणाले, पळते कुठे? बघावं तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून उभी. मागच्या रस्त्यावर नणंद राहते. ती म्हणाली, "वहिनी, कुत्रं मागे लागल्यासारखी सुटलेली असते पोरगी." म्हणजे एक तर दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय, नाहीतर खरंच तिच्या मागे कुणी लागलंय.

संध्याकाळी चांगला बसणारा कुर्ता सैल करायला घेऊन मी दुकानात ठाण मांडलं. मुंगी वळणावरून बाणासारखी आली, भिंतीशी थांबली, धापा टाकल्या, थोडी चालली आणि पुन्हा सुटली. काकांना फक्त थांबणं दिसत होतं, नणंदेला फक्त पळणं.

पुढच्या फेरीला मी समोर उभी.

"कधीपासून चाललंय हे?"

"नापास झाल्यापासून. आई, चाचणीत पाइप खांद्यावर घेऊन जिन्यानं पळत वर जायचं, खाली यायचं, लगेच पुन्हा वर. सावकाश पळून ते नाही जमत. डॉक्टरांना विचारलंय मी."

"मला न घेता?"

"तू असलीस की तेही घाबरतात."

आत शिलाई मशीन थांबलं होतं. काका कान देऊन ऐकत होते. मी तिचं मनगट धरलं. नाडी धाडधाड उडत होती, मग हळूहळू उतरली. ती हात न सोडवता उभी राहिली.

"झालं? जाऊ?"

सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. आठवड्यातले बरेच दिवस संथ आणि लांब पळायचं, अधूनमधून असं जोरात, दोन्ही हवं, चाचणीसाठी तर हवंच, असं ते म्हणाले. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले. माझ्याआधी तिचा फोन गेला असणार.

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर कुर्ता शिंपीकाकांकडेच राहू दे म्हटलंय, संध्याकाळी माप द्यायला येत जाईन.