नावाडी, शिंपी आणि नृसिंहरावांचं मराठी

नगरच्या जिल्हा कोर्टात नृसिंह मुळे एकतीस वर्षं भाषांतरकार होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांच्या मराठी जबान्या इंग्रजीत करून वरच्या कोर्टाकडे पाठवायच्या, हे त्यांचं काम. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. साक्षीदार ‘बोलाचाली झाली’ म्हणाला असेल तर तिथे भांडण लिहून चालायचं नाही आणि मारामारी तर मुळीच नाही. एकेका शब्दापायी ते अर्धा दिवस घालवत. वकील मंडळी कुरकुरत, पण मुळ्यांनी केलेल्या भाषांतरावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्यांचा दुसरा नाद सिनेमाचा. कोर्टातले स्टेनो सुश्रुत धर्माधिकारी आणि ते, दोघंही पंचविशीतले असताना शनिवारी दुपारची एस.टी. पकडून पुण्याला जात. तिथे युरोपातले जुने, काळेपांढरे सिनेमे बघायला मिळत. परतीच्या प्रवासात सुश्रुत खिडकीशी बसे आणि नृसिंहरावांच्या खांद्यावर डोकं ठेवून शिरूरपर्यंत झोपे. नृसिंहराव तेवढा वेळ हलत नसत. याहून जास्त त्या दोघांत काही घडलं नाही, आणि जे होतं त्याचं नावही कुणी घेतलं नाही.

पुढे दोघांनी मिळून सावेडीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चित्रपट मंडळ सुरू केलं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता सिनेमा. शाळेतले मास्तर, विम्याचे एजंट, कंपाउंडर अशी तीस-चाळीस माणसं येत. सिनेमा इटालियन नाही तर पोलिश, खाली इंग्रजी ओळी, आणि त्या वाचेपर्यंत पुढची ओळ आलेली. म्हणून नृसिंहराव पडद्याशेजारी खुर्ची टाकून, छोटा दिवा लावून, माईकवरून मराठीत सांगू लागले. आवाज खालचा, पण स्वच्छ. हळूहळू लोक सिनेमापेक्षा त्यांचं सांगणं ऐकायला येऊ लागले.

त्या सांगण्यात एक खोट होती. ती त्यांना स्वतःला माहीत होती.

१९९६ साली त्यांनी एक इटालियन सिनेमा लावला. नदीकाठचं गाव, तिथला एक नावाडी, आणि त्याच्या माडीवर भाड्याने राहणारा शिंपी. शिंपी नावाड्यासाठी सदरा शिवतो. माप घेताना टेप खांद्यावर धरून त्याचा हात तसाच थांबतो, आणि दोघांपैकी कुणीच मागे सरत नाही. शेवटाकडे शिंपी त्याला सांगतो, की अकरा वर्षं मी या घरात राहिलो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, मला भाडेकरू म्हणून मरायचं नाही. खाली इंग्रजीत ते लख्ख लिहून आलं. समोर पहिल्या रांगेत सुश्रुत बसला होता. नृसिंहरावांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर हॉलमध्ये नुसता नदीचा आवाज. मग ते म्हणाले, “तू मला सख्ख्या भावासारखा आहेस.”

लोकांना ते पटलं. दोघं भाऊ-भाऊ, म्हणून एवढी माया. त्यानंतर जेव्हा जेव्हा असं माणूस पडद्यावर आलं, आणि त्या जुन्या सिनेमांत ती माणसं वरचेवर येत, तेव्हा नृसिंहरावांनी त्यांना नातं जोडून दिलं. वसतिगृहातल्या दोन मुली मावसबहिणी झाल्या. लढाईवरून परतणाऱ्या शिपायाची वाट बघत स्टेशनवर उभा असलेला माणूस त्याचा चुलता झाला. कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे न करणारा हा गृहस्थ रविवारी सकाळी बिनदिक्कत नाती बदलून मोकळा होई, आणि घरी येऊन बहीण अंबिकाने वाढलेलं जेवण मुकाट्याने जेवे.

सुश्रुतने पुढे लग्न केलं आणि बदली घेऊन जळगावला गेला. नृसिंहराव अविवाहित राहिले. २०१८ साली समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा ती बातमी त्यांनी तीनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि रद्दीत न टाकता पुस्तकांच्या कपाटात ठेवली. निवृत्त झाले, मंडळ चालूच राहिलं.

या वर्षी फेब्रुवारीत, एका गुरुवारी दुपारी, सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात साठीचा एक शेतकरी उभा होता. पांढरा सदरा-पायजमा, डोक्याला टोपी, हातात लिंबांनी भरलेली पिशवी. पुंजाराम गदादे, कर्जतजवळच्या वस्तीवरून आलो म्हणाला. पत्ता वाचनालयातून मिळाला होता. अंबिकाताईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. पुंजाराम बराच वेळ लिंबांबद्दलच बोलत राहिला. यंदा फळ धरलंय, पण पाणी एप्रिलपर्यंत पुरेल की नाही सांगता येत नाही, वगैरे. मग पिशवी नृसिंहरावांच्या पायाशी सरकवून त्याने येण्याचं कारण सांगितलं.

त्याचा मुलगा पार्थ एकतीस वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. स्थळं सांगून येत होती आणि तो टाळत होता. दिवाळीत घरी आला, तेव्हा त्याने आईबापांना समोर बसवून सांगितलं, की मी लग्न करणार नाही, मी कल्याणबरोबर राहतो आणि त्याच्याबरोबरच राहणार. कल्याण म्हणजे त्याच्या खोलीतला मित्र, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पुंजारामला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तो उठून गोठ्यात गेला. त्यानंतर चार महिने बापलेक बोलले नव्हते. बायको बनुबाई फोन करायची आणि हा शेजारी बसून ऐकायचा. आठ दिवसांमागे पार्थने आईला फोन बापाकडे द्यायला सांगितला. म्हणाला, अप्पा, मला नीट सांगता येत नाही. नगरला कॉलेजात असताना मी सावेडीत एक सिनेमा पाहिला होता, नावाडी आणि शिंप्याचा. तो बघा, मग माझ्याशी बोला किंवा बोलू नका.

नृसिंहरावांना आठवलं. २०१२ मध्ये तो सिनेमा त्यांनी पुन्हा लावला होता, आणि जुनीच वही काढून तेच सगळं पुन्हा सांगितलं होतं.

“आनखी एक म्हनला त्यो,” पुंजाराम खाली बघत म्हणाला. “म्हनला, तिथं जे मराठीत सांगत्यात त्येंच्यावर जाऊ नका. ते खोटं सांगत्यात. पन मला विंग्रजी येत न्हाई, सायेब. म्हंजी मला तुमीच सांगाया पायजे.”

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. अंबिकाताई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी भावाकडे पाहिलं नाही.

एकतीस वर्षांत कोर्टात कुणी जे म्हणालं नव्हतं, ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाने मागच्या रांगेत बसून कधीच ओळखलं होतं. खालच्या ओळी वाचत, कानावर भलतंच ऐकत, तो तसाच उठून वसतिगृहावर गेला असणार. त्या दिवशी त्याला एखादा खरा शब्द मिळाला असता, तर बापाशी बोलायला एवढी वर्षं लागली नसती, असं नृसिंहरावांच्या मनात आलं. ते पुंजारामला म्हणाले, की मी तुम्हाला इथेच, घरी, लॅपटॉपवर सिनेमा दाखवतो. आपण दोघंच. काही वगळणार नाही.

पुंजारामने थोडा विचार केला. “न्हाई. माज्या पोरानं ते चार मान्सांत बसून ऐकलं. मंग खरं बी चार मान्सांतच सांगा.”

मार्चचा तिसरा रविवार ठरला. नृसिंहराव नवी वही घेऊन बसले. बाकीचा सिनेमा आठवड्यात उरकला, पण शिंप्याच्या त्या एका वाक्यापाशी ते अडले. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ लिहिलं आणि खोडलं. ते बरोबर होतं, पण शिंप्याचं वाटत नव्हतं, आणि कर्जतच्या पुंजारामच्या घरात तर ते कुणी आयुष्यात म्हटलं नसणार. मग एका सकाळी अंघोळ करताना त्यांना कोर्टातल्या बायका आठवल्या. नवरा मारतो म्हणून आलेल्या, पळून जाऊन लग्न केलेल्या, साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून सांगणाऱ्या. ‘माझा त्याच्यावर जीव होता, साहेब.’ ते वाक्य त्यांनी शेकडो वेळा इंग्रजीत नेलं होतं, आणि दर वेळी तेच तीन सोपे शब्द लिहिले होते. आता तेवढीच वाट उलटी चालायची होती. ओल्या अंगानेच बाहेर येऊन त्यांनी वहीत लिहून टाकलं.

रविवारी पुंजाराम पहाटेच्या गाडीने निघून नऊलाच माळीवाड्याला उतरला आणि रिक्षाने हॉलवर आला. पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला. नृसिंहरावांनी माईक हातात घेतला. सुरू करण्याआधी ते म्हणाले, “हा सिनेमा मी यापूर्वी दोनदा इथे सांगितलाय. दोन्ही वेळा चुकीचा सांगितला. ते दोघं भाऊ नाहीत.” एवढंच बोलून त्यांनी दिवे घालवायला सांगितले.

त्यांचा आवाज जागेवर होता. माप घेण्याचा प्रसंग आला, तिथे बोलायला शब्दच नव्हते. त्यांनी माईक खाली धरला. एक गृहस्थ पत्नीसह उठून गेले. मग ती जागा आली. शिंपी जिन्यात उभा, नावाडी खाली दोर गुंडाळतोय. नृसिंहराव म्हणाले, “अकरा वर्षं झाली मला या घरात. माझा तुझ्यावर जीव आहे. मला भाडेकरू म्हणून मरू देऊ नकोस.” ते म्हणताना त्यांनी वहीकडे पाहिलं नाही.

सिनेमा संपला, लोक उठले, दोघातिघांनी येऊन नृसिंहरावांचा हात धरला, बाकीचे जिना उतरले. पुंजाराम बसूनच होता. नृसिंहराव शेजारी जाऊन बसले.

“त्या शिंप्याला बाप न्हवता का?” पुंजारामने विचारलं.

“सिनेमात दाखवलेला नाही.”

“दाखवाया पायजे हुता,” तो म्हणाला, आणि खिशातून मोबाईल काढला. नंबर लावायला त्याला वेळ लागला. नृसिंहराव उठून जायला निघाले, तर त्याने त्यांच्या मनगटाला धरून बसवून ठेवलं. पलीकडून हॅलो ऐकू आलं. पुंजाराम म्हणाला की मी नगरात हाय. मग त्याने विचारलं, “जेवला का?” पलीकडे मुलगा काहीतरी बोलला. पुंजारामने टोपीने तोंड पुसलं.

“आन कल्याण? त्यो जेवला का?”

जेवायला तो सावेडीतच थांबला. अंबिकाताईंनी पोळ्या केल्या, त्याच्याच लिंबाचं सरबत केलं. त्याने घरचं सगळं सांगितलं. एकदम सगळं पचणार नाही, भावकीत काय बोलतील याची धास्ती आहे, बनुबाई मात्र त्याच्या आधीच समजून बसलीय आणि नवऱ्यालाच कसं कळेना म्हणून रागावलीय. दुपारच्या गाडीने तो परत गेला.

तो गेल्यावर नृसिंहरावांनी जळगावला फोन लावला. सुश्रुतची आणि त्यांची दिवाळी-पाडव्याला बोलणी होत, अधेमधे नाही. काय झालं ते त्यांनी सांगितलं, सदऱ्याचं माप, जिन्यातलं वाक्य, सगळं. शेवटी म्हणाले, की शहाण्णव साली तू समोर होतास म्हणून माझी जीभ वळली नाही.

सुश्रुत हसला. म्हातारपणाने त्याचं हसणं बारीक झालं होतं. “अरे, मला इंग्रजी येतं, नृसिंह. मी तेव्हाच वाचलं होतं.” मग म्हणाला, “तू भाऊ म्हणालास, तेव्हा वाईट वाटलं होतं. आज काय म्हणालास, ते परत सांग.”

नृसिंहरावांनी ते वाक्य परत सांगितलं. अंबिकाताई आत भांडी आवरत होत्या. त्यांनी नळ बंद केला, आणि फोन संपेपर्यंत पुन्हा सुरू केला नाही.

मे महिन्यात लिंबं उतरवायला पार्थ वस्तीवर आला तो कल्याणला घेऊनच. पुंजारामने शेजाऱ्यांना पोराचा मित्र म्हणून ओळख करून दिली, त्याहून पुढे त्याची जीभ अजून गेली नाही. पण दोघांची अंथरुणं बनुबाईने माळवदावर एकाशेजारी एक घातली. हे त्याने नृसिंहरावांना फोनवर सांगितलं, तेही लिंबाच्या भावाबद्दल दहा मिनिटं बोलून झाल्यावर. पार्थ मात्र सावेडीला आला नाही. त्याच्या मनात जुना राग असेल तर तो रास्तच आहे, असं नृसिंहराव म्हणतात.

मंडळात हल्ली जुने सिनेमे पुन्हा लागतात. जूनमध्ये वसतिगृहातल्या त्या दोन मुलींचा झाला. शिपायाचा ऑगस्टमध्ये आहे, त्याची वही सध्या जेवणाच्या टेबलावर उघडीच असते.