मोठ्यानं वाचणारी मुलगी

वाचनालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली एक स्वमग्न मुलगी डोलत, मोठ्यानं मासिक वाचत होती. तेच पान, पुन्हा पुन्हा. शेजारच्या गृहस्थांनी ‘शूऽ’ केलं.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, “काका, तिचं वाचन असंच असतं. तुम्हाला आतली खोली उघडून देऊ?”

गृहस्थ उठून आत गेले. मुलगी तिथंच राहिली.

मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. बरं वाटलं नाही, वाईटही नाही. माझा सुहास असाच वाचतो. त्याची चाळिशी उलटली. तो मामाकडे असतो, असं मी लोकांना सांगत आलो. त्याला मामाच नाही.

निघताना बाईंना म्हटलं, “माझा मुलगा घरीच असतो. तोही मोठ्यानं वाचतो.”

“मग आणा की उद्या! कुठं बसायला आवडेल त्याला, खिडकीशी की पंख्याखाली?”

हे त्याला मी कधी विचारलंच नव्हतं.