दोन बाटल्यांत एकच जेलीफिश

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. काल एका बाईला सांगितली — जिला ती तेव्हाच सांगायला हवी होती. आता तुम्हाला सांगतो.

मी कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवतो. काचसामान, रसायनं, जतन केलेले प्राणी. सायकलवर फिरून सुरुवात केली, आज उस्मानपुऱ्यात स्वतःचं दुकान आहे. घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही — प्राणिशास्त्राचे एक सर सोडले तर. दर वेळी भाव पाडायचे, वर बाहेरच्या स्टुलावर ताटकळत ठेवायचे. तो राग अजून गेलेला नाही. पण ती सबब नाही.

त्यांच्या हाताखाली पाचोडची सुजाता संशोधन करत होती. जेलीफिशच्या जाती प्रथिनांवरून ओळखायच्या. जेलीफिश फाटलेला, चुरगळलेला असला तरी त्याच्या प्रथिनांचा आलेख मशीनवर उमटतो, आणि प्रत्येक जातीचा वेगळा. आता समुद्र इथून कुठं? रत्नागिरीहून दोन जातींचे नमुने गोठवून आणायचं काम माझ्याकडं आलं.

सरांनी भाव पाडला, म्हणून मी नमुने गोठलेले ठेवणारा ड्राय आइस कमी घेतला. दिवस उन्हाळ्याचे. दुकानात येऊन डबा उघडला तर एका जातीचं नुसतं पाणी झालेलं — घाण वास मारणारं. पुन्हा रत्नागिरीला कोण जाणार? मी — मी दुसऱ्या जातीचे तुकडे त्या बाटलीत भरले. वरची चिठ्ठी तशीच ठेवली. सगळे सारखेच लिबलिबीत, कोण ओळखणार?

मशीननं ओळखलं. दोन्ही बाटल्यांचा आलेख एकच आला.

सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "नमुने एकमेकांत कालवलेस. हात तरी धुतेस का?" मी दारातच उभा होतो. तिनं माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "काका, भरताना काही अदलाबदल तर नाय ना झाली?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. तिनं दारच उघडून दिलं होतं. आणि मी काय केलं? भडकलो. "मला चोर समजती का गं? तुझ्या चुका माझ्या डोक्यावर?" इतका ओरडलो की शिपाई आत आला. आणि ती — तीच माझी माफी मागू लागली. "चुकलं, काका."

सबंध उन्हाळा ती त्याच बाटल्यांवर तेच प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिली. शेवटी ती जात प्रबंधातून वगळावी लागली. हिचा हात साफ नाही, हे तिच्या नावाला चिकटलं. प्रयोगशाळेत तिला मिळायची नोकरीची जागा दुसऱ्याला गेली.

ती आता सोयगावला कॉलेजात शिकवते. काल गेलो, सांगितलं. तिनं हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी मशीन बरोबर होती." फोन हातात घेत — "आन् मी बी."

तो लावून तिनं माझ्यापुढं सरकवला. "सरांना सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

सांगितलं, सगळं. आधी भाव पाडण्याचा विषय ओठांवर आला होता, तो गिळला. सर लई बोलले. मी ऐकून घेतलं. तिच्या तासाची वेळ झाली, ती निघून गेली — माझ्याकडं न बघता.

परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली. तिचं गेलेलं काहीच परत आलेलं नाही, आणि मला मात्र हलकं वाटत होतं. आजही वाटतंय. तेही सांगून टाकतो.