गरम विहीर

मेलेल्या जिवांची इतकी मनापासून चौकशी करणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा मी पाहिलेला नाही. जिवंत माणसाला ते 'बरं हाय का' एवढंच विचारतात आणि उत्तर न ऐकता पुढं जातात. पण कुणाची म्हैस गेली, कुणाची शेळी गेली असं कळलं की सायकल काढून हजर. कशानं गेली, कवा गेली, शेवटचं काय खाल्लं होतं, हे सगळं विचारून झालं की हळूच म्हणतात, "मला देता का?" कासुर्डीजवळच्या त्यांच्या वस्तीवर बांधाच्या कडेनं खताचे ढीग ओळीनं उभे असतात. शेण, ऊस तुटल्यावर रानात उरलेलं पाचट, लग्नातलं उष्टं, मेलेलं जनावर, सगळं थरावर थर देऊन त्यात जातं. इतर शेतकरी पाचट पेटवून मोकळे होतात, मामा धूर दिसला की काठी घेऊन पळत सुटतात आणि पेटवणाऱ्याला विचारतात, "तुझ्या अंगावर निखारं टाकल्यावर तुला कसं वाटंल?" माझ्या मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवामागं उष्ट्या पत्रावळ्यांतून प्लास्टिकचे पेले वेचत होते. नवरी पाया पडायला शोधत आली, तेव्हा त्यांनी तिला कोपरानंच आशीर्वाद दिला. हात भरलेले होते.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चहाच्या आधी मला ढीग दाखवायला नेलं. पौषातली सकाळ. धुक्यात ते ढीग म्हणजे घोंगड्या पांघरून माणसं ओळीनं बसलीत असं वाटत होतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यातून वाफ निघत होती. मामांनी एका ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसली, गालाला लावून पाहिली, आणि मग माझा हात धरून कोपरापर्यंत आत घातला. आत जनावराच्या पोटासारखी ऊब होती, आणि काहीतरी हळूच सरकल्यासारखं वाटलं. "भिऊ नका जावईबापू," ते म्हणाले, "आमची जुनी म्हैस हाय. आखाडात गेली." मी यवतला शाळेत विज्ञान शिकवतो, जिवाणू, उष्णता, मला सगळं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी पोहे मी डाव्या हातानं खाल्ले.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "विहीर गरम झालीया, या." भर दुपारी त्यांनी मला शेजारच्या रानातल्या पडक्या विहिरीवर नेलं. रान त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं. पुतण्या चाळिशीचा, कोंबड्यांचं शेड चालवणारा, तसा शांत माणूस. विहिरीभोवती एक पाखरू बोलत नव्हतं. मामांचा कुत्रा बांधावरच बसला, पुढं येईना. मामा काठावर पालथे पडले आणि मलाही पडायला लावलं. खालून गरम वारा तोंडावर आला, गोडसर, कुजका. पाण्याच्या जागी पांढरी साय दिसत होती. नजर बसली तेव्हा कळलं, ती पिसं आहेत. ती साय सगळीच्या सगळी हळूहळू वर येई, थांबे, परत खाली जाई. मधूनच झोपेत कुणी कूस बदलावी तसा आवाज येई.

"गॅस आहे, मामा."

"व्हय, गॅसच हाय," मामा कुजबुजले. "पन बघा, आपुन बोललो की थांबतोय."

आम्ही गप्प राहिलो. आवाज पुन्हा सुरू झाला.

शेडमध्ये बारा महिने थोडी पाखरं मरतातच, उन्हाळ्यात जास्त. नियम असा, की ती पिण्याच्या पाण्यापासून लांब, खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. पुतण्या पाट्या भरून इथं ओतत होता, आणि चार घरांची पिण्याची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. मामांनी त्याला दोनदा सांगितलं. "बघतो आप्पा," म्हणून तो खाली मान घालून निघून गेला. वस्तीवरच्या दोन लेकरांना जुलाब लागले, तेव्हा मामांनी प्रदूषण खात्याकडे तक्रार केली; पुतण्याच्या विरोधात, स्वतःच्या सहीनं. भाऊबंदांनी बोलणं टाकलं. साहेब नाकाला रुमाल लावून आले. मामांनी त्यांना अदबीनं समजावलं, "रुमाल काढा साहेब, वासावरनंच तर कळतं किती दिवसांचं हाय." साहेबांनी रुमाल काढला नाही, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या आणि नोटीस पाठवली. शेड बंद करा, विहीर उपसा, शेजारचं पाणी पिऊ नका.

विहिरीत उतरायला कुणी तयार होईना. मामांनी पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडला. निम्म्यावर गेला आणि कुणी फुंकर मारावी तसा विझला. मग विहिरीचा गाळ वर ओढतात ती यारी आणली. यारीवाला तोंड फिरवून यंत्र चालवी, आणि वर आलेलं सगळं मामा आणि पुतण्या वाहून नेत. गावानं जाळायला ठेवलेलं पाचट मामांनी मागून आणलं होतं. एक थर पाचटाचा, एक थर पाखरांचा. तीन दिवस दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मीही तिथं होतो, तेव्हा पुतण्या पाटी ठेवून मटकन खाली बसला.

"आप्पा, सहा म्हैनं झालं मला झोप न्हाई," तो म्हणाला. "घरात बसलं तरी खालनं कुचकुच ऐकू येती. बायकोला येत न्हाई. मलाच येती."

मी त्याला गॅसचं सांगणार होतो. मामांनी मला नजरेनंच गप्प केलं.

"मला बी येती," ते म्हणाले. "म्हून तर तक्रार केली. तुला एकट्याला किती दिस ऐकू द्यायची?"

त्या लांबलचक ढिगातून सकाळी वाफ निघे, तेव्हा लोक वाट बदलून जात. वर्षभर वस्तीला टँकरचं पाणी आलं. मग तपासणीत पिण्याच्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं, पुतण्यानं नियमाप्रमाणे खड्डे करून शेड पुन्हा सुरू केलं, आणि भाऊबंदही हळूहळू बोलू लागले.

ढीग उघडला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. आत काळी, भुसभुशीत माती. मामा फावडं बाजूला टाकून हातानंच उकरत राहिले, मूठ मूठ बोटांतून सोडत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाड नाही, चोच नाही.

"लई ब्येस खत झालंय, आप्पा," पुतण्या म्हणाला.

मामा बांधावर बसले. "एक पीससुदीक न्हाई ऱ्हायलं."

"मामा, तुम्हीच तर म्हणता, सगळ्याची माती होते."

"व्हय, म्हणतो की." बोटांना लागलेल्या मातीकडं ते बघत राहिले. "पन आज वाटलं, एखादं असावं. बसता का जावईबापू, थोडा येळ?"

मी बसलो. पुतण्याही येऊन बसला. ऐकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं तसेच, न बोलता, ऐकत बसलो.