शेवंतीची बुलेट आणि एकशे चार किलोंचा दीर

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या शेवंतीबद्दल आमच्या नौपाड्यात जेवढं बोललं जातं, तेवढं महापालिकेबद्दलही बोललं जात नाही. त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

वय पंचावन्न. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखालून बाहेर डोकावणारी अबोलीची वेणी, बुडाखाली जुनी बुलेट आणि मागे पापलेट-कोळंबीचे दोन क्रेट. डोंबिवलीतल्या गिऱ्हाइकांची घंटी तिला वाजवावी लागत नाही. बुलेटचा आवाज आला की बायका ताटल्या घेऊन जिन्यात उभ्या.

गाडी साईनाथची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. तो जाऊन बारा वर्षं झाली. पण कागदावर मालक तिचा धाकटा दीर दामाजी, कारण गाडी घेतली त्या दिवशी साईनाथ समुद्रात होता आणि सही करायला घरात दामाजीच सापडला. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. यंदा डोंबिवलीचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन आला, त्याने बुलेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि दामाजीला एकाएकी वहिनीच्या कंबरेची काळजी वाटू लागली.

"वयनी, मीटर एकदा पुरा फिरून परत शून्यावरनं चालू झालाय. एक लाख तीस हजार किलोमीटर! म्हातारी झाली ती. इकून टाकू. तुला स्कूटर घेऊ, बटनवाली."

"म्हातारी तर मी बी झाले. मना पन इकतंस का?"

दामाजीची बायको तुळसा फस्सकन हसली. (हे सगळं मला तिनेच सांगितलं. मी फक्त चहा पाजला.) बायको हसली म्हटल्यावर दामाजी पेटला. "मंग येऊरच्या डोंगराचा चढ चढवून दाव! मना मागं बसव. मधी थांबायचं नाय, दुसऱ्या गियरच्या खाली यायचं नाय. चढली, तर गाडी तुज्या नावावर. नाय चढली, तर डोंबिवलीवाल्याला. पंधरा दिवस देतो."

दामाजी स्वतःचं वजन नव्वद किलो सांगतो. तुळसा एकशे चार सांगते. मी तुळसावर विश्वास ठेवतो.

बुलेटला खरंच धाप लागत होती. खोपटला एस.टी. डेपोच्या मागे विठ्ठलचं गॅरेज आहे. त्याने इंजिन उघडलं तर कॅम झिजून गुळगुळीत झालेले. कॅम म्हणजे फिरता फिरता व्हॉल्व्ह उघडणारा, अंड्यासारखा एका बाजूने उंच तुकडा. तो नीट उचलेल तेवढा इंजिनाला श्वास. विठ्ठलचे डोळे चमकले. "मावशी, रेसचा कॅम टाकूया. सगळ्यात उंच! पिस्टनपण हाय कॉम्प्रेशनचा. गाडी उडेल!"

"मना उडायचं नाय. एक दीर वर न्यायचाय. उंच कॅम पळाल्यावर जोर देतो ना? मना जोर हळू चालताना पायजे. मधला घे. आनि पिस्टन राहू दे, इंजिनाचं खालचं हाड, तो क्रँक, जुना हाय, त्याला कशाला ताप?"

विठ्ठल हिरमुसला. "बरं, मधला. संध्याकाळपर्यंत बसवतो."

"नुसता कॅम?"

इथे विठ्ठलने मान खाली घातली, कारण तीन वर्षांपूर्वी त्याने नुसताच नवा कॅम बसवला होता आणि त्यावर टेकून पुशरॉडच्या दांड्या वर ढकलणारे टॅपेट जुनेच ठेवले होते. खड्डा पडलेल्या टॅपेटने हळूहळू नवा कॅमही खाऊन टाकला. शेवंतीने जुना टॅपेट उचलून उजेडात धरला. "बग, करवंटीसारका खोल गेलाय. टॅपेट नवे, पुशरॉड नवे, स्प्रिंगा नव्या, कॅम ज्यावर फिरतो त्या पिना नव्या. आनि ऑईलचा पंप. तेलच वर नाय चढलं तर दामाजी काय चढनार?"

पार्ट आणायला ती स्वतः कल्याणला गेली. विनीतचं स्पेअर पार्टचं दुकान तिथे मोठं. विनीतने तिला पाहिलं आणि कुणाच्या तरी पोराची आई समजून वरचाच डबा पुढे केला. बिचाऱ्याला काय माहीत, की या बाईने चाळीस वर्षांत पाटीतला वरचा मासा कधी घेतलेला नाही!

"खालचा काढ."

"मावशी, सगळे सेमच असतात."

"मंग खालचा काढायला तुज्या बापाचं काय जातं?"

स्प्रिंगा तिने काउंटरच्या काचेवर ओळीने उभ्या केल्या, वर पट्टी आडवी ठेवली. पट्टी एका बाजूला कलली. एक स्प्रिंग बुटकी. "ही बाजूला." मग पुशरॉड काचेवर लाटण्यासारखे लोळवले. दोन सरळ गेले, तिसरा ठुमकत गेला. "हा नाचतो. ह्याला हळदीत ने." टॅपेटच्या तळावर अंगठ्याचं नख फिरवलं, चार परत केले, दोन ठेवले. तोवर दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापले डबे घेऊन तिच्यामागे रांगेत उभी. "मावशी, माझंपण बघा ना जरा." विनीतला घाम फुटला. शेवटी त्याने हात जोडून उरलेल्या पार्टसाठी आतल्या खोलीतला बंद खोका आणून दिला, आणि तिला निघताना विचारलं, "मावशी, कुठल्या गॅरेजला असता?"

"मासली इकते," शेवंती म्हणाली.

विठ्ठलने सगळं बसवलं, कार्ब्युरेटरचा जेट बदलला, आणि शेवंतीने आठवडाभर कल्याण-डोंबिवलीचे फेरे मारून इंजिन मोकळं केलं. मग आला रविवार.

येऊरच्या पायथ्याशी अर्धा कोळीवाडा जमला. मीही होतो, डॉक्टरने मला रोज चालायला सांगितलं आहे, कुठे ते सांगितलेलं नाही. दामाजी मागे बसला तेव्हा गाडीने शॉकअपमधून असा उसासा टाकला, की तुळसाने कानावर हात ठेवले. त्यातून तो पठ्ठ्या भरपेट जेवून आलेला.

शेवंतीने किक मारली. धक्, धक्, धक्. पहिला, दुसरा. रिक्षातून आम्ही मागे. पहिल्या वळणावर आवाज जड झाला. "बंद पडली!" दामाजी मागून ओरडला. पडली नाही. शेवंतीने थोडी रेस दिली, कान इंजिनाकडे कलवला, आणि भर चढावर, देवाशपथ सांगतो, तिसरा टाकला! दुसऱ्याची अट होती, बाईने तिसरा टाकला! गाडी दम न सोडता वर निघाली आणि आमची रिक्षा मागे खोकत राहिली.

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा बुलेट स्टँडवर संथ ठोके देत उभी होती. शेवंतीने पिशवीतून गाडी नावावर करायचा फॉर्म काढला, सीटवर पसरला, दामाजीच्या हातात पेन दिलं. सही जरा वाकडीतिकडी आली. इंजिन चालू होतं म्हणून, असं तो अजून म्हणतो. तुळसाने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तिची एक बांगडी फुटली.

शेवंतीने फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि गाडीवर टांग टाकली. दामाजी सवयीने मागे बसायला गेला.

"तू चालत ये," ती म्हणाली. "ब्रेक जुनेच हायत."